शेवटचा तास कुणाचा?

अमेरिकेत मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आईवडील लॉस एंजेलिसच्या बाजूला फिरकले की डिस्नेलँडचा एक दिवस ठरलेलाच असतो. त्या एका दिवसात जे दिसते ते सगळे नवे, म्हणून सगळेच छान वाटते. मराठीत या पार्कवर जे लिहिले जाते तेही बहुतेक या पहिल्या भेटीतून आलेले असते. त्याच गर्दीत दुसराही एक वर्ग असतो. दक्षिण कॅलिफोर्नियातच राहणारी, वर्षाचा पास काढून पुन्हा पुन्हा येणारी ही माणसे. पार्क आज रात्री बाराला बंद होणार की नऊला, कोणती राइड कधीपासून बंद आहे, कुठल्या कठड्याचा रंग उडाला आहे, हे त्यांना पाठ असते. त्यांच्या तक्रारी हौशी मंडळींची कुरकुर म्हणून बाजूला सारल्या जातात. माझे मत उलट आहे. पार्कचा दर्जा घसरू लागतो तेव्हा त्याची पहिली खबर याच माणसांकडून मिळते, आणि पार्क किती वाजता बंद होते हा प्रश्न त्या दर्जाच्या अगदी मुळाशी आहे.

हे समजून घ्यायचे तर आधी तिकिटाचा इतिहास पाहावा लागतो. १७ जुलै १९५५ रोजी वॉल्ट डिस्नेने अ‍ॅनाहाइममध्ये हे पार्क उघडले तेव्हा प्रवेशाला एक डॉलर पडे आणि आत प्रत्येक राइडचे पैसे वेगळे द्यावे लागत. काही महिन्यांतच तिकिटांची पुस्तके निघाली. तिकिटांना ए, बी, सी अशी अक्षरे होती. ए म्हणजे साधी, स्वस्त राइड. १९५९ मध्ये मॅटरहॉर्न, पाणबुडी आणि मोनोरेल आल्या आणि त्यांच्यासाठी सर्वांत वरचे ई तिकीट सुरू झाले. या व्यवस्थेत पार्क तासभर लवकर बंद केले तर तोटा पार्कचाच होई. तेवढी तिकिटे कमी खपत, आणि उरलेली तिकिटे लोक घरी नेऊन पुढच्या भेटीत वापरत. १९८२ मध्ये ही पुस्तके बंद झाली. दारात एकदाच पैसे भरा आणि आत हव्या तितक्या राइड घ्या, अशी पद्धत आली. लोकांच्या ती सोयीची होती आणि त्यांना आवडलीही. पण तिने व्यवहाराचे पारडे फिरवले. आता पैसे सकाळीच गल्ल्यात पडलेले असतात. त्यानंतर पार्क जितका वेळ उघडे राहील तितका पगाराचा, विजेचा, सफाईचा खर्च वाढत जातो. खाण्यापिण्याची आणि दुकानांची विक्री सोडली तर शेवटच्या तासात नवे उत्पन्न जवळपास नाही. म्हणजे १९८२ पासून डिस्नेलँड वेळ विकते आहे. तिकिटाचा दर तोच ठेवून दोन तास कापले तर ती दरवाढच होते, फक्त दरपत्रकावर ती दिसत नाही.

रात्री अकराला पार्कात असते कोण, असा प्रश्न यावर हमखास येतो. मुले पेंगुळलेली, आतषबाजी होऊन गेलेली, लांबून आलेले लोक पार्किंगकडे निघालेले. मग रिकाम्या राइड कशाला फिरवत ठेवायच्या? हा मुद्दा वरवर बिनतोड वाटतो. पण नेमाने येणाऱ्याला विचारा, तो सांगेल की दिवसातला सर्वांत चांगला तास हाच. दुपारी तासभर खाणाऱ्या रांगा तेव्हा ओसरलेल्या असतात, आणि बंद होण्याच्या ठोक्याला जो रांगेत उभा आहे त्याला राइड मिळते, हा तिथला जुना रिवाज आहे. या तासाला किंमत आहे हे कंपनीलाही पक्के ठाऊक आहे. फ्लोरिडातल्या तिच्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये हॅलोविन आणि नाताळच्या हंगामात कितीतरी रात्री साध्या तिकिटवाल्यांचा दिवस संध्याकाळी सहाला संपतो, आणि सातपासून मध्यरात्रीपर्यंत त्याच रस्त्यांवर, त्याच राइडवर वेगळ्या तिकिटाचा कार्यक्रम चालतो. २०२३ मध्ये त्यातल्या सर्वांत महागड्या रात्रींचे तिकीट १९९ डॉलरपर्यंत गेले होते. अ‍ॅनाहाइममध्येही वेगळ्या तिकिटाच्या अशा रात्री होऊ लागल्या. ज्या तासांना गिऱ्हाईक नाही म्हणून ते कापायचे, त्याच तासांना वेगळे तिकीट लावले की गिऱ्हाईक मिळते. मग कापलेला तास निरुपयोगी होता हे म्हणणे टिकत नाही. तो एकाच्या तिकिटातून काढून दुसऱ्याला विकला गेला, इतकेच.

पार्क बंद झाल्यावर आत काय चालते हे पाहिले तर या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. शेवटचा पाहुणा बाहेर पडला की रात्रपाळी सुरू होते. मेन स्ट्रीटचे रस्ते पाण्याने धुतले जातात, फुलझाडे बदलली जातात, किंग आर्थरच्या चक्रीपाळण्याचे पितळी दांडे घासून लखलखीत केले जातात. हातांनी झिजलेला रंग खरवडून नवा चढवतात. राइडचे रूळ, चाके आणि ब्रेक तपासले जातात. मेन स्ट्रीटवरच्या इमारतींच्या कडांना जी दिव्यांची ओळ आहे तिची गोष्ट या कामगारांत नेहमी सांगितली जाते. बल्ब उडायची वाट बघायची नाही, त्याचे ठरलेले आयुष्य ऐंशी टक्के झाले की तो चालू असतानाच काढून नवा लावायचा, अशी तिथली शिस्त होती. जमाखर्च बघणाऱ्याला यात चक्क उधळपट्टी दिसेल, कारण चालू बल्ब फेकला जातो. पण उडालेला बल्ब कोणत्याही रात्री, कोणाच्याही नजरेला पडू नये, हेच तर पार्क विकत होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात चार गोष्टी क्रमाने ठरवल्या गेल्या: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग देखावा आणि सर्वांत शेवटी कार्यक्षमता. सारे महत्त्व या क्रमाला आहे. काटकसरीला जागा होती, पण शेवटची.

१९९० च्या दशकात हा क्रम हलला. १९८४ मध्ये कंपनीच्या प्रमुखपदांवर आलेल्या मायकेल आयस्नर आणि फ्रँक वेल्स या जोडीने पहिली काही वर्षे पार्कवर सढळ हाताने खर्च केला होता. १९९४ मध्ये वेल्स हेलिकॉप्टर अपघातात गेले. त्याच सुमारास डिस्नेलँडची सूत्रे पॉल प्रेसलर यांच्याकडे आली. ते डिस्नेच्या दुकानांच्या साखळीतून आलेले होते, आणि दुकानाचे गणित पार्कला लागू झाले. १९९५ मध्ये पीपलमूव्हर ही राइड बंद पडली, १९९८ मध्ये पाणबुडी. पीपलमूव्हरच्या मार्गावर आणलेली रॉकेट रॉड्स ही राइड दोन-अडीच वर्षेही धड चालली नाही. तिचा सांगाडा टुमॉरोलँड या विभागावर पुढे वर्षानुवर्षे तसाच उभा राहिला. देखभालीची माणसे आणि पाळ्या नव्याने मांडल्या गेल्या, अनुभवी मुकादमांच्या जागा कमी झाल्या. उडालेले दिवे आणि पोपडे आलेला रंग नेमाने येणाऱ्यांना तेव्हाच दिसत होता आणि ते बोलतही होते. त्यांना नॉस्टॅल्जियात रमणारे म्हणून वाटेला लावले गेले.

पुढे जे घडले ते रंगाच्या पोपड्यांपुरते राहिले नाही. २४ डिसेंबर १९९८ रोजी कोलंबिया हे शिडाचे जहाज धक्क्याला लागताना दोराचा ताण बसून जहाजाची लोखंडी खुंटी उखडली आणि तिच्या फटक्याने एका पाहुण्याचा जीव गेला. पूर्वीचा वाखाचा दोर अशा ताणाने तुटून जात असे. त्या जागी नायलॉनचा दोर आला होता, आणि तो ताणला जातो पण तुटत नाही. दोर बांधण्याचे काम त्या दिवशी करत होत्या त्या व्यवस्थापकांना त्याचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले नव्हते, असे राज्याच्या तपासात निघाले. या प्रकरणानंतर कॅलिफोर्नियाने कायमस्वरूपी पार्कमधल्या राइडच्या तपासणीचा कायदा केला. ५ सप्टेंबर २००३ रोजी बिग थंडर माउंटन या आगगाडीचे इंजिन बोगद्यात निसटले आणि एका तरुणाचा मृत्यू झाला. चाकांच्या जोडणीतले बोल्ट नीट आवळलेले नव्हते, असा चौकशीचा निष्कर्ष होता. गाडीतून वेगळाच आवाज येतो आहे हे चालकांच्या कानावर आले होते. आणखी एक फेरी झाल्यावर ती बाजूला काढायचे ठरले होते. प्रत्येक अपघात थेट काटकसरीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल, आणि मी तसे म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत चालू बल्बही वेळेवर बदलला जातो तिथे बोल्ट तपासणाऱ्याच्या हातालाही तीच सवय असते. एक सवय मोडली की दुसरी शाबूत राहील याची हमी उरत नाही.

खर्च कापून पैसे तरी वाचले का? याचे उत्तर डिस्नेलँडच्या फाटकासमोरच आहे. ८ फेब्रुवारी २००१ रोजी तिथे कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर हे दुसरे पार्क उघडले. खर्च आटोपशीर ठेवून बांधलेले, मुलांसाठी राइड थोड्या आणि दुकाने, खानावळी भरपूर. पास असलेल्या जुन्या लोकांनी आत एक चक्कर मारली आणि ते परत डिस्नेलँडमध्ये गेले. गर्दी अपेक्षेच्या खूप खाली राहिली. २००७ मध्ये कंपनीने त्याच पार्कच्या डागडुजीसाठी सुमारे १.१ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली, आणि जून २०१२ मध्ये कार्सलँड उघडल्यावर ते पार्क खऱ्या अर्थाने उभे राहिले. मूळ बांधणीवर वाचवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा ती चूक निस्तरण्यात गेला. दरम्यान वॉल्टचे पुतणे रॉय डिस्ने यांनी नोव्हेंबर २००३ मध्ये संचालकपद सोडले, आणि राजीनाम्याच्या पत्रात पार्कच्या बांधणीतला चिक्कूपणा हाही एक आक्षेप मांडला. मार्च २००४ च्या भागधारकांच्या सभेत ४३ टक्क्यांच्या आसपास मतांनी आयस्नर यांना पाठिंबा नाकारला. जी गोष्ट पासधारक उडालेल्या दिव्यांकडे बोट दाखवून सांगत होते, तीच आता भागधारक मतपत्रिकेवर सांगत होते. २००३ च्या अखेरीस मॅट विमेट यांच्याकडे डिस्नेलँडचा कारभार आला आणि २००५ च्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी पार्क पुन्हा रंगवून, दुरुस्त करून लख्ख केले गेले. इच्छा असली की हे होते.

आता आक्षेपांकडे येऊ, कारण त्यांतले काही वजनदार आहेत. पहिला असा की जुने लोक ज्या सुवर्णकाळाचे दाखले देतात त्या काळात डिस्नेलँड गर्दी नसलेल्या हंगामात सोमवारी आणि मंगळवारी चक्क बंदच असे. रोज उघडे ठेवण्याची पद्धत १९८५ पासूनची. हे खरे आहे, आणि जास्त तास म्हणजेच जास्त दर्जा असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. बंद दिवसांत मोठी दुरुस्ती उरकता येते, रात्र लांबली तर रूळ तपासायला निवांतपणा मिळतो. पण तेव्हाचा बंद दिवस कोणाच्या तिकिटातून कापलेला नव्हता, कारण त्या दिवशी तिकीटच विकले जात नव्हते. आणि रात्र लांबवून त्या वेळात देखभाल वाढवली जात असेल तर कोणताही जुना पाहुणा हरकत घेणार नाही. तासही कमी आणि रात्रपाळीही कमी, हे जेव्हा एकदम होते तेव्हाच त्याला राग येतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे. पासधारक दर भेटीमागे थोडे पैसे देतो, बाहेर जेवून येतो, खरेदी करत नाही. त्यापेक्षा आयुष्यात एकदा येणारा प्रवासी कंपनीला फायद्याचा. ऑगस्ट २०२२ च्या तिमाही अहवालात कंपनीने अ‍ॅनाहाइममधला गर्दीचा मेळ प्रतिकूल असल्याचे नमूद केले, तेव्हा पासधारकांनी ते आपल्यालाच उद्देशून आहे हे बरोबर ओळखले. त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये महागाईवर बोलताना तेव्हाच्या वित्तप्रमुखांनी खाद्यपदार्थांचे माप कमी करण्याचा पर्याय सांगितला होता, आणि काहींच्या कंबरेसाठी ते बरेच ठरेल असेही त्या म्हणाल्या होत्या. महिनेवारी खानावळीत जेवणाऱ्याला आमटी पातळ झाली की पहिल्या घासाला कळते. वाटेत एकदाच जेवून जाणारा ती तशीच असेल समजून उठतो. कंपनीला वाटसरू आवडू लागला याचे एक कारण त्याच्या खिशात आहे आणि दुसरे त्याच्या या न कळण्यात. पण वाटसरूच्या भरवशावर वर्षभर चूल पेटत नाही. डिस्नेलँड साथीच्या काळात तेरा महिने बंद राहून ३० एप्रिल २०२१ रोजी उघडले, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत फक्त कॅलिफोर्नियातल्या रहिवाशांनाच आत घेता येत होते. प्रतिकूल ठरवलेल्या याच लोकांनी तेव्हा फाटकावर रांगा लावल्या.

त्या वर्षीचे एक उदाहरण मला या साऱ्या वादाचे सार वाटते. पार्किंगच्या इमारतीपासून फाटकापर्यंत नेणारी ट्राम पार्क उघडल्यावरही बंदच ठेवली होती. पार्किंगचे शुल्क मात्र पूर्ण घेतले जात होते. लहान मुले कडेवर घेऊन, म्हाताऱ्यांना हाताला धरून लोक जाता-येता मैलाच्या आसपास चालत होते. ट्राम परत आली ती २३ फेब्रुवारी २०२२ रोजी, दहा महिन्यांनी. सुरुवातीला साथ हे कारण खरेच होते, पण बसमध्ये आणि राइडमध्ये माणसे शेजारी बसू लागल्यानंतर ते उरले नाही. १९९९ पासून फुकट मिळणारा फास्टपासही याच काळात गेला आणि रांग चुकवण्याची सोय विकत घ्यावी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कंपनीचे प्रमुख बॉब चेपेक यांना हटवून आधीचे प्रमुख बॉब आयगर यांना परत आणले गेले. दोनच महिन्यांत अ‍ॅनाहाइममध्ये सर्वांत कमी दराचे दिवस वाढवले गेले आणि फ्लोरिडातल्या हॉटेलांत राहणाऱ्यांचे पार्किंग पुन्हा मोफत झाले. तक्रारी निराधार असत्या तर हे करायची गरज पडली नसती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डिस्नेलँडच्या सर्वांत महागड्या दिवसाचे तिकीट २०६ डॉलर झाले. या दराला माझी तत्त्वतः हरकत नाही. जगात दुसरीकडे कुठे नाही असे काही तिथे आहे आणि ते राखायला खर्च येतो. पण दर सर्वोच्च असेल तर वेळही पूर्ण मिळाला पाहिजे, आणि रात्री वेगळा कार्यक्रम असल्याने पार्क लवकर बंद होणार असेल तर त्या दिवसाचे तिकीट उघडपणे स्वस्त असले पाहिजे. येत्या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या वाचकांनी तिकीट काढण्याआधी त्या दिवसाची बंद होण्याची वेळ आणि दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची यादी जरूर पाहावी. दोन्ही आधीच जाहीर होतात. आणि आत काही उणे दिसले तर परत येऊन फक्त नातेवाइकांना सांगू नये. मेन स्ट्रीटच्या तोंडाशी डाव्या हाताला सिटी हॉल नावाची इमारत आहे, तिथे पाहुण्यांच्या तक्रारी घेतल्या जातात. एकदाच येणाऱ्यानेही तिथे जाऊन बोलावे.