टॅबचं किट इन्स्पेक्शन

शाळेत आपल्याजवळ मोबाइल नसतो. त्यामुळे सुट्टीत घरी पोचलो की घरचे पहिल्याच दिवशी काहीतरी हातात देतात आणि म्हणतात, “बघ रे, हे चालत नाहीये.” माझं घर झाशीला, नगरा भागातल्या प्रेम नगरमध्ये आहे. आजोबा रेल्वेच्या वॅगन कारखान्यातून निवृत्त झाले आणि इथेच राहिले. या वेळी माझ्या हातात आला तो ताईचा टॅब.

उत्तर प्रदेश सरकार कॉलेजच्या मुलामुलींना टॅब मोफत देतं. २५ डिसेंबर २०२१ रोजी लखनौच्या एकाना स्टेडियममध्ये या वाटपाची सुरुवात झाली. कॉलेजकडून ‘डिजीशक्ती’ पोर्टलवर नावं जातात. माझ्या चुलत बहिणीला, म्हणजे ताईला, असाच टॅब मिळाला. टॅब तिचा, पण वापरणारे पाच जण! आजीची भजनं, काकांची क्रिकेट मॅच, काकूंच्या पाककृती आणि धाकट्या भावाचे गेम. ताईला स्पर्धा परीक्षेच्या क्लासचं ॲप घ्यायचं होतं, तर टॅब सांगत होता, ‘जागा अपुरी आहे.’ आम्ही दोघांनी बसून त्याचं किट इन्स्पेक्शन केलं. त्यातून जे समजलं ते इथे क्रमाने लिहितो. (हे सगळं अँड्रॉइड टॅबबद्दल आहे. कंपनीनुसार पर्यायांची नावं थोडी वेगळी असतील.)

जागा जाते कुठे?

टॅबवर ३२ जीबी लिहिलेलं असलं तरी ते सगळे आपल्याला मिळत नाहीत. त्यातला मोठा वाटा टॅबची स्वतःची प्रणाली घेते. उरलेल्या जागेत ॲप्स, फोटो आणि व्हिडिओ बसवायचे.

एक ॲप तीन प्रकारे जागा खातं. पहिलं म्हणजे ॲप स्वतः. दुसरा त्याचा डेटा, म्हणजे आपलं लॉगिन, उतरवून ठेवलेले धडे, गेमची प्रगती. तिसरी कॅश, म्हणजे पुन्हा लवकर उघडता यावं म्हणून ॲपने तात्पुरती साठवलेली चित्रं वगैरे. म्हणूनच प्ले स्टोअरवर लहान दिसलेलं ॲप सहा महिन्यांत कितीतरी पट फुगतं.

सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडून एखाद्या ॲपच्या ‘स्टोरेज’वर गेलं की दोन बटणं दिसतात. ‘क्लिअर कॅश’ निर्धास्त दाबा, काही बिघडत नाही. ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ मात्र विचार करून दाबा. त्याने ॲप अगदी कोरं होतं, पुन्हा लॉगिन करावं लागतं आणि उतरवलेले धडेही जातात.

काय ठेवायचं, काय काढायचं?

प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या खात्याचं चित्र असतं. त्यावर दाबून ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’ आणि मग ‘मॅनेज’ निवडा. तिथे ॲप्सची यादी आकारानुसार किंवा ‘सर्वांत कमी वापरलेली’ अशी लावता येते. आम्ही तशी लावली तर वरचे सगळे धाकट्याचे गेम निघाले. त्यातले निम्मे त्याने एकदाच खेळले होते. कोणते दोन ठेवायचे ते त्यालाच ठरवू दिलं, नाहीतर घरात युद्ध झालं असतं.

नको असलेलं ॲप अनइन्स्टॉल करायचं. टॅबबरोबर आलेली काही ॲप्स निघतच नाहीत, तिथे ‘डिसेबल’चा पर्याय मिळाला तर वापरायचा. काही टॅबवर ‘आर्काइव्ह’ असतं. त्यात ॲपचा मोठा भाग निघून जातो, पण चिन्ह आणि आपला डेटा राहतो. वर्षातून एकदा लागणाऱ्या ॲपसाठी हा पर्याय छान.

एक गोष्ट घरी कुणालाच ठाऊक नव्हती. ॲप काढलं म्हणजे त्याची वर्गणी बंद होत नाही. दरमहा पैसे कापले जात असतील तर प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये आणि यूपीआयच्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते.

नवीन ॲप घेताना

आधी नाव नीट वाचा आणि त्याखाली बनवणाऱ्याचं नाव बघा. प्रसिद्ध ॲपसारखंच चिन्ह लावून नकली ॲप्स येतात. फक्त पाच तारे देणाऱ्यांचं नको, एक तारा देणाऱ्यांचंही म्हणणं वाचा, खरी अडचण तिथे कळते. बँकेचं ॲप शोधत बसण्यापेक्षा बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून घेतलेलं बरं. अपडेटसाठी प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘फक्त वायफायवर’ निवडलं तर मोबाइल डेटा वाचतो. पण अपडेट टाळू नका, कारण सापडलेल्या फटी त्यातूनच बुजवल्या जातात.

एपीके म्हणजे मागचं दार

एपीके ही अँड्रॉइड ॲपची फाइल. ती स्टोअरबाहेरून, व्हॉट्सॲपवरूनही येऊ शकते. लग्नसराईत आजोबांच्या फोनवर लग्नपत्रिका म्हणून एक फाइल आली. नावाच्या शेवटी ‘एपीके’ होतं. ताई म्हणाली, “आजोबा, पत्रिका फोटोत येते नाहीतर पीडीएफमध्ये. पत्रिकेचं ॲप कशाला लागेल?” फाइल तिथेच पुसली. वाहनाचं चलान, थकलेलं वीजबिल, सरकारी योजना अशा नावांनीही या फाइली फिरतात.

धोका कसा होतो ते समजून घ्या. असं ॲप आत आलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. आपण ‘अलाउ’ म्हटलं की बँकेचा ओटीपी आपल्याआधी चोराला दिसतो. आजोबांची पेन्शन ज्या खात्यात जमा होते, त्याचे ओटीपी त्याच फोनवर येतात. म्हणून आम्ही घरातल्या प्रत्येक फोनवर ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ ही सोय सगळ्या ॲप्ससाठी बंद केली. कुणाची फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

परवानगी म्हणजे गेटपास

आपल्या गेटवर गार्ड विचारतो, ‘कुठे? कशासाठी? किती वाजेपर्यंत?’ ॲपलाही हेच विचारायचं. नकाशाला लोकेशन लागतं, व्हिडिओ कॉलला कॅमेरा लागतो. पण टॉर्चच्या ॲपला आपली संपर्कयादी कशाला? सेटिंग्जमधल्या ‘परमिशन मॅनेजर’मध्ये कोणाला काय दिलंय ते एकत्र दिसतं. लोकेशनसाठी ‘फक्त वापरताना’ हा पर्याय बहुतेक वेळा पुरतो.

फौजी घरातल्या मुलांनी तर हे जास्त जपायला हवं. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने लोक जगात कुठे कुठे धावतात याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रुसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरियासारख्या देशांत ओसाड जागी काही रेषा उजळल्या आहेत. ते लष्करी तळ होते. जवान रोज पीटीला धावत होते आणि घड्याळ ते नोंदवत होतं.

आपल्याकडे २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. त्यानंतर लगेच जुलैत भारतीय सेनेने आपल्या जवानांना आणि अधिकाऱ्यांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स फोनमधून काढायला सांगितलं. वडिलांचं पोस्टिंग कुठे आहे हे आपण कुणाला सांगत नाही. पण सुट्टीत त्यांच्या क्वार्टरमध्ये बसून गेमला लोकेशन दिलं, तर न बोलताही ते सांगून टाकल्यासारखंच आहे.

मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत घरच्या टॅबसाठी एक तास काढा. आधी न वापरलेली ॲप्स काढा, मग परवानग्या तपासा, वर्गण्या बघा आणि शेवटी अपडेट करा. हे एकट्याने करू नका. आजी-आजोबांना शेजारी बसवून करा, म्हणजे आपण शाळेत परत आल्यावर ‘अलाउ’ दाबण्याआधी तेही विचारतील, ‘कशासाठी?’