आंबट पाला आणि खलाशांच्या हिरड्या

बारीक चिरलेल्या कोबीला मीठ चोळून तो बरणीत घट्ट दाबला आणि काही आठवडे आंबू दिला, की जर्मनीतला ‘सावरक्राउट’ तयार होतो. ‘सावर’ म्हणजे आंबट, ‘क्राउट’ म्हणजे पाला किंवा वनस्पती. जर्मनीच्या दक्षिण भागात मात्र नुसते ‘क्राउट’ म्हटले तरी कोबीच समजतात. सीमेवरच्या अल्सास प्रांतातून हा शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि ‘शूक्रूत’ झाला. फ्रेंचमध्ये ‘शू’ म्हणजे कोबी. मूळ शब्दात जिथे ‘आंबट’ होते, तिथेच नेमका कोबी येऊन बसला!

या आंबट पाल्याचा वैद्यकाशी संबंध आला तो समुद्रावर. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि अनेक जण दगावत. हा स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव. संत्री-लिंबांनी तो बरा होतो, हे जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये दाखवले. पण ताजी फळे जहाजावर टिकत नसत. १७६८ मध्ये निघालेल्या कॅप्टन कुक यांनी सावरक्राउट बरोबर घेतला. खलाशी तो खाईनात. तेव्हा कुक यांनी तो रोज अधिकाऱ्यांच्या पानात वाढायला लावला आणि खलाशांना म्हटले, हवा तर घ्या. आठवड्याच्या आत मागणी इतकी वाढली, की वाटपावर मर्यादा घालावी लागली. अर्थात, बंदर लागताच ताजा भाजीपाला मिळवण्याचा त्यांचा आग्रहही तितकाच मोलाचा होता.

कोबी टिकतो तो जिवाणूंमुळे. मिठाने पाणी सुटते, हवा कोंडली जाते आणि जिवाणू कोबीतल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. आपल्या इडलीचे पीठ फुगवणारा ‘ल्युकोनोस्टॉक’ यातही असतो. आम्लामुळे अन्न सडवणारे जंतू वाढत नाहीत आणि ‘क’ जीवनसत्त्वही बऱ्यापैकी टिकते; १०० ग्रॅममध्ये साधारण १५ मिलिग्रॅम.

आता हा पदार्थ शहरांतल्या दुकानांत डबाबंद मिळतो. पण डब्यात भरताना तापवलेल्या सावरक्राउटमध्ये जिवंत जिवाणू उरत नाहीत. शिवाय त्यात सुमारे दोन टक्के मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगितले आहे. १०० ग्रॅम सावरक्राउटमध्येच त्यातले २ ग्रॅम संपते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो लोणच्यासारखाच, चवीपुरता घ्यावा. ‘क’ जीवनसत्त्वासाठी पेरू, आवळा आणि लिंबू आहेतच.