पेट्रोलचा वास आणि अंगातले रक्त



फवारणीच्या औषधांबद्दल या पानावर आपण पुष्कळदा वाचता. आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्या कित्येक घरांतली मुले पेट्रोल पंपावर नोकरीला आहेत. औषधाच्या डब्यावर विषाची खूण असते, म्हणून आपण जपतो. पेट्रोलचा वास रोजचा, म्हणून त्याचे कुणाला काही वाटत नाही. पण जपायला तिथेही हवे.

पेट्रोलमध्ये बेंझीन नावाचे द्रव्य असते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकाप्रमाणे त्याचे प्रमाण शेकडा १ पेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे लिटरमागे फार तर १० मिलिलिटर. हे थोडे वाटेल. पण गाडीवाला दोन मिनिटांत निघून जातो, नोझल धरणारा मुलगा आठ-दहा तास तिथेच असतो. टाकीत पेट्रोल पडू लागले, की आतली वाफ बाहेर ढकलली जाते आणि त्याच्या श्वासात जाते.

हाडांतला मगज हा आपल्या अंगातला रक्ताचा कारखाना. श्वासातून रक्तात गेलेले बेंझीन या कारखान्यालाच धक्का लावते. तांबड्या पेशी घटल्या तर थकवा येतो, दम लागतो. पांढऱ्या घटल्या तर वरचेवर ताप येतो. रक्त गोठवणाऱ्या पेशी घटल्या तर हिरड्यांतून रक्त येते, अंगावर निळे डाग उठतात. वर्षानुवर्षे बेंझीन अंगात जात राहिले, तर रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. ही लक्षणे दुसऱ्या आजारांतही दिसतात. म्हणून अंदाज बांधत बसू नये, रक्त तपासावे.

आता करायचे काय?

१. वाऱ्याची दिशा बघून उभे राहावे. तोंड टाकीवर नेऊ नये.
२. नोझल आपोआप बंद झाले, की आणखी थेंबभरही भरू नये.
३. तोंडाला फडके बांधल्याने धूळ अडते, वाफ अडत नाही.
४. ग्रीसचे हात पेट्रोलने धुऊ नयेत. ही खोड आपल्या ट्रॅक्टरवाल्यांनाही आहे. बेंझीन कातडीतूनही शिरते. साबण वापरा.
५. नळीने तोंडाने पेट्रोल ओढू नये. घोटभर जरी फुफ्फुसात गेले, तरी जिवावर बेतते. पोटात गेले तर उलटी काढू नका. सरळ दवाखाना गाठा.
६. पेट्रोल सांडलेले कपडे लगेच बदलावेत, जेवणापूर्वी हात धुवावेत.
७. वर्षातून एकदा रक्तातील पेशींची तपासणी करावी, आणि आपण पंपावर काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गूळ खाल्ला की वास उतरतो, असे काही जण म्हणतात. गूळ आपलाच आहे, जरूर खावा; पण त्याने बेंझीन काही उतरत नाही.

खोडवा पिवळा पडला तर आपण मुळाशी उकरून बघतो. घरचा पोरगा पिवळा दिसला, तर तेवढीच घाई करा.

– ऊस विकास अधिकारी