बादली घेऊन आत शिरताना दार कुठे उघडते?
शहराची घडण : लेखांक सहावा

सार्वजनिक संडासाचे दार आत उघडावे की बाहेर, हा प्रश्न आर्किटेक्टच्या परीक्षेत येत नाही. वस्तीतल्या बाईला मात्र तो रोज सकाळी सोडवावा लागतो. एका हातात भरलेली बादली, दुसऱ्या हाताला पोर आणि दार आतल्या बाजूला उघडणारे. हातभर जागेत बादली टेकवायची, पोराला ओढून घ्यायचे, मग अंग चोरून दार लावायचे. तोवर साडीचा काठ ओला झालेला असतो, आणि कशाने ओला झाला याचा विचार न केलेला बरा. पुण्यात १९९९ नंतर वस्त्यांमध्ये जे नवे संडास उभे राहिले, त्यांतल्या अनेकांना दोन्ही बाजूंना उघडणारी दारे बसली. ही सूचना रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांची होती.

लोकसहभागाचा रकाना आता प्रत्येक प्रकल्प अहवालात असतो. हजेरीपट, अंगठे, सह्या, चहा-बिस्किटांसह ग्रुप फोटो. तो खरा की कागदी, हे तपासायचे तर दोन गोष्टी विचाराव्यात. लोकांच्या बोलण्यामुळे नकाशातली कोणती रेघ हलली? आणि उद्घाटनाची फीत कापून सगळे घरी गेल्यावर विजेचे बिल कोण भरणार? पुण्याचे उदाहरण या दोन्ही प्रश्नांसाठी उपयोगी आहे, कारण तिथे पहिल्याचे उत्तर फार चांगले मिळाले आणि दुसऱ्याचे अर्धवट.

आधीची रीत सगळ्यांच्या परिचयाची. टेंडर निघायचे, ठेकेदार बांधून मोकळा व्हायचा, साफसफाई महापालिकेच्या कामगारांकडे. पाण्याची टाकी कोरडी, दारांच्या कड्या गायब, चेंबर तुंबलेले. काही महिन्यांत लोक संडासाच्या आत जाण्याऐवजी त्याच्या मागे बसू लागत. दोष मात्र लोकांच्या सवयींवर जाई.

१९९९ मध्ये तत्कालीन आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी स्वयंसेवी संस्थांकडून प्रस्ताव मागवले. अट नवी होती : जो बांधेल त्यानेच पुढे देखभालही करायची. बांधकामाचा खर्च, पाणी आणि वीज महापालिकेची. आराखडा, बांधणी आणि चालवणे संस्थांचे. दर आठवड्याला सगळ्यांची बैठक व्हायची आणि काम कुठे अडले ते तिथेच समोरासमोर बोलले जायचे. दोनेक वर्षांत चारशेहून अधिक संडास-इमारती आणि दहा हजारांवर सीट उभ्या राहिल्या. महापालिकेच्या कारभाराचा अनुभव असलेल्या कुणालाही हा वेग खरा वाटणार नाही.

यातला मोठा वाटा ‘स्पार्क’, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि ‘महिला मिलन’ या त्रिकुटाचा. ‘स्पार्क’ १९८४ मध्ये मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवरल्या कुटुंबांबरोबर काम करत सुरू झाली. महासंघाचे नेतृत्व जोकिन अर्पुथम यांचे होते. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महिला मिलन म्हणजे त्याच फुटपाथवरच्या बायकांचे बचत गट. पुण्यात महिला मिलनच्या बायका नुसत्या सूचना देऊन थांबल्या नाहीत, काही जणींनी बांधकामाचे कंत्राटच घेतले. सिमेंटच्या गोण्या मोजणे, गवंड्याशी हुज्जत घालणे, बिल मंजूर होईपर्यंत कचेरीत खेटे घालणे, ही सगळी कामे त्या शिकल्या. बिले रखडली की हातातले पैसे संपायचे आणि काम थांबायचे. ठेकेदाराला ही झळ सोसते, बचत गटाला सोसत नाही. हा धडा योजना आखणाऱ्यांनी अजून पुरता घेतलेला नाही.

नकाशात काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. बायका आणि पुरुषांसाठी वेगळी प्रवेशद्वारे आली, कारण एकाच रांगेत बायकांचा नंबर मागे ढकलला जाई. पाण्याची मोठी टाकी आली, कारण नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता. राखणदाराच्या कुटुंबासाठी खोली आली. काही ठिकाणी वर सभागृह बांधले गेले : भाड्याचे चार पैसे सुटतात आणि ज्या इमारतीत आपल्या बैठका होतात तिच्या तळमजल्याला वास येऊ नये म्हणून लोकच लक्ष ठेवतात.

सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट मुलांची. मोठ्यांच्या रांगेत पाच वर्षांच्या पोराला कुणी पुढे जाऊ देत नाही, आणि नंबर लागला तरी अंधाऱ्या खोलीत मोठ्या भोकावर बसायची त्याला धास्ती वाटते. म्हणून मुले गटारीच्या काठावर बसतात. आईही तिथेच बसवते. नव्या इमारतींत मुलांसाठी वेगळा उजेडी भाग केला, बसायची भोके लहान ठेवली, तोल जाऊ नये म्हणून धरायला दांड्या बसवल्या. अशा सीटचा खर्च फारसा नसतो. ती सुचण्यासाठी मात्र मुलाला हाताला धरून रांगेत उभे राहिलेले कुणीतरी नकाशासमोर बसलेले असावे लागते.

पैशाची व्यवस्थाही घरचा हिशेब ठेवणाऱ्यांनी बसवली. दर खेपेला एक रुपया घ्यायचा तर पाच जणांच्या घराला दिवसातून एकदा जाण्याचेच महिन्याला दीडशे रुपये होतात. त्याऐवजी साऱ्या कुटुंबाला महिन्याचा पास ठेवला, तेव्हा वीस रुपयांच्या आसपास.

पण सगळे गोड नव्हते. घाईत काही वस्त्यांमध्ये लोकांशी बोलणे राहूनच गेले. काही नगरसेवकांना नेहमीचा ठेकेदार बाजूला पडलेला आवडला नाही. आयुक्त बदलले की आठवड्याच्या बैठका आधी मरतात, हेही पुण्याने पाहिले. आणि इमारत कितीही देखणी असली तरी रात्री दोन वाजता मुलीने वस्तीच्या टोकापर्यंत एकटे कसे जायचे, हा प्रश्न इमारतीने सुटत नाही.

त्यामुळे पुढची मागणी घरातल्या संडासाची होणे साहजिक होते. पुण्याचीच ‘शेल्टर असोसिएट्स’ ही संस्था, आर्किटेक्ट प्रतिमा जोशी यांनी उभी केलेली, ‘एक घर एक शौचालय’ या नावाने ते काम करते. आधी वस्तीचा घरटी नकाशा तयार होतो : कोणाकडे संडास आहे, कोणाकडे नाही, ड्रेनेजची लाइन कोणत्या बोळापर्यंत आली आहे. मग संस्था साहित्य दारात आणून देते आणि बांधकामाची मजुरी कुटुंबाने द्यायची. कुणी माळ्याखाली जागा काढते, कुणी मोरीतच भिंत घालते. संडास कुठे बसवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे असल्याने दोन घरांतली रचना सारखी नसते.

येरवड्यात २००९ च्या सुमारास याच विचाराचा मोठा प्रयोग झाला. शहरी गरिबांसाठीच्या केंद्रीय योजनेतून सात वस्त्यांमधली सुमारे बाराशे कच्ची घरे जागच्या जागी नव्याने बांधायची ठरली. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने आराखडे केले. पक्की घरे पाडायची नाहीत, बोळ मोडायचे नाहीत, शेजार तुटू द्यायचा नाही. घर साधारण २७० चौरस फुटांचे, खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाचा. कागदावरचा नकाशा वाचता न येणाऱ्यांसाठी कापडाच्या भिंतींचे खऱ्या मापाचे घर उभारून दाखवले गेले. त्यात माणसे फिरली आणि मग जिना, मोरी, ओटा यांवर खरी वादावादी झाली. मुंबईच्या फुटपाथवरल्या बायकांनी अशी घरे ऐंशीच्या दशकातच उभी करून पाहिली होती.

घराघरांत संडास आला की पाइप बोळात येतो, बोळातला पाइप मोठ्या लाइनला मिळावा लागतो. तिथे वस्तीचा हात पोहोचत नाही. मोठी लाइन नसेल तर मैला नाल्यात आणि नाल्यातून मुळा-मुठेत जातो. कोणते काम लोकांचे आणि कोणते सरकारचे, याची स्पष्ट वाटणी १९८० पासून कराचीतल्या ओरंगीत झाली. अख्तर हमीद खान यांच्या मार्गदर्शनाखाली वीस-तीस घरांच्या एकेका गल्लीने स्वतः वर्गणी काढून आपले गटार टाकले आणि मुख्य वाहिनी सरकारवर सोडली. त्या वाटणीचे काय झाले, आणि नाल्यांचे नकाशे काढणे तिथे जिवावर का बेतले, ते पुढच्या आठवड्यात.