गल्लीच्या चौकात आधी कोण?

राजारामपुरीचा मेन रोड सोडून आत शिरलं की गल्ल्यांना नंबर आहेत; तिथल्या बहुतेक चौकांत मात्र सिग्नलही नाही आणि पोलीसही नाही. रुईकर कॉलनी, ताराबाई पार्क, जवाहरनगर, आतल्या रस्त्यांवर सगळीकडे तीच तऱ्हा. अशा चौकात सायकलवरची शाळकरी पोरगी आणि बुलेटवरचा गडी एकाच वेळी आले, तर आधी कोण जाणार? कोल्हापुरी रिवाज असा की ज्याचा हॉर्न मोठा तो पुढं, आणि सायकलवाल्यानं थांबायचं, त्याला काय घाई! कायद्यात असं काहीही लिहिलेलं नाही.

दोन्ही रस्ते सारख्या दर्जाचे असतील, तर मोटार चालवणाऱ्यानं आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. 1989 च्या रस्ता नियमांत हे होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या 2017 च्या वाहनचालन विनियमांतही आहे. यामागं साधं कारण आहे. आपण डाव्या बाजूनं चालतो, त्यामुळं चौकात चाक घालताच आडव्या रस्त्याचा जो अर्धा भाग आधी लागतो, त्यावरून उजवीकडची वाहनं येत असतात. टक्कर आधी तिथंच व्हायची. गोल चौकात आत फिरणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची, तेही याच हिशेबानं, कारण ते आपल्या उजवीकडूनच येतं. गल्लीतून मेन रोडला लागताना मात्र उजवं-डावं बघत बसू नये. तिथं मेन रोडवरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं.

आता शब्द नीट बघा. नियम थांबायचं कुणी ते सांगतो; दामटून पुढं जायचा हक्क तो कुणाला देत नाही. सायकल उजवीकडून येत असली तरी समोरच्यानं आपल्याला पाहिलंय, याची खात्री होईपर्यंत ब्रेकवरची बोटं उचलू नयेत. चार बाजूंनी चौघं एकदम आले, तर प्रत्येकाच्या उजवीकडं कुणीतरी असतंच. तेव्हा एकानं हात करून दुसऱ्याला सोडायचं, दुसरा इलाज नाही.

“लाईट मारला होता की!” हे अपघातानंतर हमखास ऐकू येतं. आपल्याकडं लाईट मारणं म्हणजे ‘मी येतोय, थांब’. इंग्लंडात बरेच जण त्याचा अर्थ ‘तू जा’ असा घेतात. लाईटनं किंवा हॉर्ननं आधी जायचा हक्क मिळत नाही. ताशी 30 किलोमीटरनं येणारी मोपेड सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. चालकाचं डोकं ‘ब्रेक’ म्हणेपर्यंत सेकंद गेलेला असतो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गल्लीचं तोंड पार झालेलं असतं.

सायकलवाल्यांचेही लाडके गैरसमज आहेत. सगळ्यात घातक म्हणजे ‘उलट्या बाजूनं चाललं की समोरची गाडी दिसते, म्हणून ते बरं.’ सायकल 15 च्या वेगानं आणि गाडी 30 च्या, तर समोरासमोर येताना वेग होतो 45. एकाच दिशेनं जाताना फरक उरतो 15 चा. त्यातही खरी गडबड गल्लीच्या तोंडाशी होते. गल्लीतून डावीकडं वळणारा फक्त उजवीकडं बघतो, कारण वाहनं तिकडून येतात. उलट्या बाजूची सायकल त्याच्या डावीकडून येते आणि बंपरला लागल्यावरच त्याला दिसते.

अगदी कडेला चिकटून चालणंही तितकं सुरक्षित नाही. कोपऱ्यावरच्या बंगल्याची भिंत, तिला लागून उभी केलेली चारचाकी, पुढं भाजीची गाडी, आणि या सगळ्याच्या आड सायकल. चौकाआधी मीटरभर रस्त्याकडं सरकलं की आपण दिसतो, आणि कुणी अचानक दार उघडलं तरी वाचतो. वळायच्या आधी हात दाखवायला विसरू नये.

‘सायकल हे काय वाहन आहे होय?’ मोटार वाहन कायद्यानं ती मोटार नाही, म्हणून लायसन नाही, नोंदणी नाही, हेल्मेटची सक्तीही नाही. (डोकं मात्र तेवढंच नाजूक, तेव्हा घातलेलं बरं.) पण 1951 च्या महाराष्ट्र पोलीस कायद्यातल्या ‘वाहन’च्या व्याख्येत सायकल येते, आणि डाव्या बाजूनं चालायचं बंधन तिलाही आहे.

‘सायकलचा विमा नाही, मग भरपाई कसली?’ हाही भ्रमच. विमा मोटारीचा बघतात. गाडीनं सायकलस्वाराला उडवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत हे आकडे 2 लाख आणि 50 हजार आहेत. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. तेव्हा गाडीचा नंबर लिहून घ्या आणि ‘जाऊ दे, मिटवून टाकू’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि कोपऱ्यावर घर असलेल्यांना एक विनंती. चौकाजवळ गाडी लावायला मनाई आहे, घर आपलं असलं तरी. आपली चारचाकी थोडी आत घ्या, म्हणजे शाळेला निघालेली पोरं येणाऱ्याला दिसतील.