भरतीच्या तक्त्यावरचा दिवस

पहाटे ४
न्यू वेस्टमिन्स्टर, ब्रिटिश कोलंबिया. ऑगस्ट संपत आलाय. टगबोटीवर माणसं दोनच, कप्तान आणि खलाशी. इंजिन सुरू करण्याआधी तक्ता बघायचा. ओहोटी लागलीय. तिच्यासोबत मोकळी टग घेऊन फ्रेझर नदीच्या मुखाकडे जायचं आणि भरती लागली की ओंडके ओढत वर गिरणीकडे यायचं. उलट क्रमाने केलं तर डिझेल जळतं आणि टग जागची हलत नाही.

सकाळी ५
नदीच्या उत्तरेकडच्या फाट्याला टग लागली. फ्रेझर रॉकी पर्वतात उगम पावते आणि १,३७५ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. मुख्य प्रवाहावर एकही धरण नाही. त्यामुळे जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं की सगळं पाणी थेट खाली येतं. १९४८च्या पुरात खालच्या खोऱ्यातल्या सुमारे १६ हजार लोकांना घरं सोडावी लागली होती. आता पाणी उतरलंय, म्हणून भरतीचा जोर चालतो. अशा दिवसांत तो पार मिशन गावापर्यंत जाणवतो.

साडेसहा
डावीकडे विमानतळ, उजवीकडे मार्पोल. इथे मस्क्वियम या मूळनिवासी लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं गाव होतं. २०१२मध्ये याच जागेवर इमारतीचं खोदकाम सुरू झालं आणि पूर्वजांचे अवशेष निघाले. लोक महिनोन्‌महिने पहाऱ्याला बसले. काम थांबलं.

आठ
मुखापाशी ओंडक्यांचा तळ. किनाऱ्यावरच्या जंगलांतून आलेलं लाकूड इथे नदीत ठेवतात, त्यालाही कारण आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा समुद्री किडा असतो, गोड्या पाण्यात तो जगत नाही.

चारही बाजूंना लांब ओंडके साखळ्यांनी जोडलेले, मधे बाकीचे तरंगते, असा हा तराफा. खलाशी त्यावर उतरतो. त्याच्या बुटांच्या तळाला खिळे आहेत आणि हातात आकडीची लांब काठी. ओंडका पायाखाली फिरायला लागला की थांबायचं नाही, पुढच्यावर जायचं. एकेक साखळी वाकून तपासायची, ढिली दिसली की आवळायची. टोकाला एक सील पहुडलाय. खलाशी अगदी जवळ गेल्यावर कुठे तो पाण्यात सरकतो.

साडेदहा
भरती लागली. दोर ताणला गेला आणि तराफा हलला. वेग माणसाच्या चालीपेक्षा कमी. १८०८च्या जुलैत शोधप्रवासी सायमन फ्रेझर याच बाजूला पोहोचला होता. आपण कोलंबिया नदीवर आहोत असा त्याचा समज होता, अक्षांश मोजल्यावर तो फिटला. मस्क्वियम लोकांनी त्याला पिटाळलं आणि तो आल्या वाटेने परतला.

दुपारी १
डबा सुकाणूपाशीच. नजर पुलांच्या खांबांवर. मागचा तराफा वळणावर खांबाला घासला तर साखळी तुटते आणि ओंडके नदीभर होतात.

याच पाण्याखालून सॉकाय सामन वर निघालाय. १९१४मध्ये याच नदीवरच्या हेल्स गेटच्या घळीत रेल्वेच्या कामामुळे दरड कोसळली, माशांची वाट अडली आणि मासेमारी कित्येक वर्षं सावरली नाही. पुढे १९४०च्या दशकात तिथे माशांसाठी पाण्याचे जिने बांधले. मुख्य प्रवाहावर धरण नको, यामागे हा सामनही आहे.

साडेचार
भरती संपली. गिरणी अजून वरच्या अंगाला आहे. कप्तान जोर लावून बघत नाही. तराफा काठाजवळच्या खांबांना बांधायचा. खलाशी दोर टाकतो, गाठी दोनदा तपासतो. कप्तान नोंदवहीत वेळ आणि जागा लिहितो. उरलेलं अंतर रात्रीची पाळी तोडेल. त्यांची भरती नऊच्या सुमाराला लागते.