टाळूखालचं पाणी

वऱ्हाडातल्या जुन्या बायकांचा एक ठाम हिशोब आहे: सातव्या महिन्यातलं पोर जगतं, आठव्यातलं जगत नाही. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरकडे तो अजूनही कानावर येतो. हा हिशोब साफ उलटा आहे. दिवस भरेपर्यंत पोटात काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या बाजूने असतो, आणि सर्वांत जास्त फायदा होतो तो मेंदूचा.

सातमाशी बाळ ‘काचेत’, म्हणजे उबेच्या पेटीत, ठेवलं की घरच्यांची नजर वजनाच्या आकड्यावर असते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर सांगतात, मेंदूत रक्त उतरलंय. दोन आठवड्यांनी दुसरं वाक्य येतं: डोक्यात पाणी वाढतंय. बाहेर बाकड्यावर कुजबुज सुरू होते. कोणाच्या हातून पडलं का? सुनेनं सातव्या महिन्यात घागर उचलली होती का? दोन्ही प्रश्नांचा या रक्ताशी संबंध नाही.

कारण आत आहे. मेंदूच्या मधोमध पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या काठाला, पोटातल्या वाढीच्या काळात, नव्या पेशींची जणू रोपवाटिका असते. डॉक्टर तिला जर्मिनल मॅट्रिक्स म्हणतात. वाढ जोरात म्हणून तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, पण त्यांच्या भिंती कागदासारख्या पातळ. साधारण चौतीस-छत्तीस आठवड्यांपर्यंत ही रोपवाटिका आपोआप विरून जाते. म्हणजे नऊ महिने भरलेल्या बाळात ती जवळजवळ उरलेलीच नसते आणि अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळात ती अजून शिल्लक असते.

त्यात भर म्हणजे, मोठ्या माणसाचा मेंदू रक्तदाब वरखाली झाला तरी आपला पुरवठा सांभाळून घेतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते जमत नाही. शेतातलं उदाहरण घ्या. ठिबकची नळी पातळ आहे, पंपाला दाब सांभाळणारा व्हॉल्व नाही आणि लाइटचं व्होल्टेज कधी पडतं, कधी उसळतं. नळी कुठे फुटेल ते सांगता येत नाही, पण फुटेल हे नक्की. बाळाचं रडणं, थंडी, श्वास अडकणं, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची चढउतार, घाईने दिलेलं सलाइन, छातीत फुप्फुसाबाहेर साठलेली हवा या सगळ्या व्होल्टेजच्या उसळ्या. बहुतेक रक्तस्राव पहिल्या बहात्तर तासांत होतात, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास पहिल्याच दिवशी.

लू-अ‍ॅन पॅपिल या अमेरिकन डॉक्टरांनी 1978 साली छापलेल्या अभ्यासात दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या 46 बाळांच्या मेंदूचे सीटी स्कॅन केले. वीस बाळांत रक्त सापडलं, आणि त्यातल्या कित्येकांत बाहेरून काहीच लक्षण नव्हतं. त्या अभ्यासातून निघालेल्या चार पायऱ्या आजही रिपोर्टवर ‘ग्रेड’ म्हणून छापल्या जातात. पहिल्या पायरीत रक्त काठावरच राहतं. दुसरीत ते पोकळीत उतरतं, पण पोकळी फुगत नाही. तिसरीत रक्ताने पोकळी फुगते आणि चौथीत शेजारच्या मेंदूलाही मार बसलेला असतो.

आता पाणी. मेंदूतलं पाणी रोज नवं तयार होतं, पोकळ्यांतून वाहतं आणि मेंदूच्या बाहेरच्या आवरणात शोषलं जातं. रक्ताच्या गुठळ्या वाटेत अरुंद जागी अडकतात. रक्तातलं लोह आवरणाला सूज आणतं, शोषणाची छिद्रं बुजतात. ओढ्यात गाळ साचला की पाणी मागे तुंबतं, तसंच.

कोणाला हे तुंबणं होणार? सर्वांत मोठं उत्तर ग्रेड हेच आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवरची बहुतेक बाळं यातून सुटतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या बाळांत मात्र वेगवेगळ्या देशांच्या नोंदींत पाचांत एकापासून तीनांत एकापर्यंत बाळांना पाणी काढण्याची शस्त्रक्रिया लागलेली दिसते. मग बाळ किती आठवड्यांचं, किती दिवस व्हेंटिलेटरवर, रक्तदाब टिकवायला औषधं लागली का, मागाहून जंतुसंसर्ग झाला का, हे येतं. आणि आणखी एक गोष्ट येते, जी प्रयोगशाळेत मोजता येत नाही: बाळ कुठे जन्मलं आणि जन्मल्यावर किती रस्ता कापून आलं.

मंगरूळपीरसाठी हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ग्रामीण रुग्णालयात अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवून आठवडेच्या आठवडे सांभाळता येत नाही, ते त्या रुग्णालयाचं कामही नाही. मग वाशीम, नाहीतर अकोला, नाहीतर शेलूबाजारहून समृद्धी महामार्गाने थेट नागपूर, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास. वाशीमला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पण महाविद्यालयाची पाटी आणि चालू नवजात अतिदक्षता विभाग यांत काही वर्षांचं अंतर असतं. रस्ता कितीही गुळगुळीत झाला तरी पहिल्या तीन दिवसांतला प्रवास हा त्या पातळ वाहिन्यांवरचा ताणच आहे. बाहेर जन्मून मोठ्या रुग्णालयात आणलेल्या बाळांत मेंदूतला रक्तस्राव जास्त आढळतो, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून न्यायचं ते बाळाला नाही, पोटात बाळ असलेल्या आईला. कळा सुरू झाल्या आणि दिवस भरले नाहीत, तर ‘इथंच होऊ द्या, मग पाहू’ हा सल्ला सगळ्यांत महाग पडतो. कधीकधी प्रसूती इतकी जवळ आलेली असते की आईला हलवणंच धोक्याचं. तो निर्णय डॉक्टरांचा. पण घरच्यांनी निरोप द्यायला उशीर केला तर निर्णय घ्यायला काही उरतच नाही.

आईसोबत स्टेरॉइडची एक सुईही जायला हवी. न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स यांना मेंढ्यांवरच्या प्रयोगात दिसलं की पोटातच स्टेरॉइड दिलेलं अपुरं कोकरूही श्वास घेतं. 1972 मध्ये त्यांनी आणि हाउवी यांनी हे बायकांमध्ये सिद्ध केलं. फुप्फुस पिकतं, आणि मेंदूतला रक्तस्रावही बराच कमी होतो. आपल्या केंद्र सरकारने 2014 मध्ये त्याची नियमावली काढली: चोवीस ते चौतीस आठवड्यांत अकाली कळा आल्या तर डेक्सामेथासोन सहा मिलिग्रॅम, बारा तासांच्या अंतराने चार वेळा, आणि पुढे पाठवण्याआधीचा पहिला डोस एएनएम सिस्टरनेही द्यावा. औषध अगदी स्वस्त आहे.

पण ही सुई सरसकट टोचायची नाही, आणि हे आपल्याच परिसराने जगाला दाखवलंय. सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीत नागपूर आणि बेळगाव ही भारतातली दोन केंद्रं होती. 2015 मध्ये निकाल आला: खेड्यापाड्यांत वापर वाढवूनही कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू उलट थोडे वाढले. सुई मिळालेल्या पुष्कळ बायकांची प्रसूती नंतर दिवस भरूनच झाली होती. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीने दिवस पक्के करून आणि बाळाची सोय असलेल्या रुग्णालयांत याच सुईची नवी चाचणी घेतली. 2020 चा निकाल स्पष्ट फायद्याचा होता. औषध तेच होतं, बदलली होती ती दिवसांची खात्री आणि रुग्णालयाची सोय. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी चुकवू नये. पाळीची तारीख ‘पोळ्याच्या आसपास’ एवढीच आठवत असेल तर तीस आठवडे की चौतीस हे कोण सांगणार?

एवढं करूनही काही बाळांत रक्त उतरतंच. पुढची पाहणी होते टाळूतून. ज्या टाळूवर आजी तेल भरते तीच मेंदूची खिडकी. हाड अजून जुळलेलं नसल्याने सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी तिथून थेट आत जातात. किरणोत्सर्ग नाही, बाळाला पेटीबाहेर काढावंही लागत नाही. तीस आठवड्यांच्या आतल्या बाळाची एक तपासणी पहिल्या आठवडा-दहा दिवसांत आणि दुसरी चार ते सहा आठवड्यांनी व्हावी. पहिलीत रक्त दिसलं तर त्याहून बरीच लवकर आणि वारंवार. कारण अपुऱ्या बाळाचा मेंदू मऊ असतो. आत पोकळ्या फुगत राहतात आणि डोक्याचा घेर वाढायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. टाळू ताठ दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर.

‘पाणी सुकवायचं औषध द्या’ ही विनंती प्रत्येक वॉर्डात होते. असं औषध वापरून झालंय. 1998 च्या चाचणीत ते मिळालेल्या बाळांची स्थिती जास्त वाईट निघाली, तेव्हापासून ते सोडून दिलं. पाणी काढावंच लागतं. बाळ लहान असताना टाळूजवळ त्वचेखाली छोटी डबी बसवून सुईने पाणी घेतात. आयुब ओमाया या आजच्या पाकिस्तानात जन्मलेल्या सर्जनने 1963 मध्ये ती रचली. बाळ दोन-अडीच किलोचं झालं आणि गरज उरलीच, तर मेंदूतून पोटात जाणारी नळी, म्हणजे शंट. उत्तर प्रदेशात शाहजहांपूरला बनणारी छाब्रा शंट युगांडात महागड्या अमेरिकन शंटच्या बरोबरीला लावून पाहिली गेली. 2005 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात निकालात फरक निघाला नाही. तेव्हाचा भाव मात्र पस्तीस डॉलर विरुद्ध साडेसहाशे. नळी बुजू शकते, तिला संसर्ग होऊ शकतो. उलट्या, सुस्ती, ताप, डोळे खाली ओढलेले दिसले तर रात्र काढू नये. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावं.

बाळ घरी आल्यावर आशाताई फेऱ्या मारतात, वजन करतात, ताप पाहतात. त्याच वेळी भुवयांच्या वरून आणि डोक्याच्या मागच्या उंचवट्यावरून शिंप्याची टेप फिरवून घेर लिहून ठेवा. आठवड्याला अर्धा ते एक सेंटिमीटर वाढ ठीक. दोनकडे गेली तर त्याच दिवशी निघा. आणि रुग्णालयातून सुट्टी घेताना कार्डावर रक्तस्रावाचा ग्रेड, आजचा घेर आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख नसेल, तर ते सगळं लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका.